भांग रुंद होतोय आणि रिपोर्टमध्ये पीसीओडी: आता नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २३, शिक्षणासाठी नागपुरात रूम करून राहणं, जेवण मेसचं. पाळी ४५ ते ६० दिवसांनी, सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशय आणि हार्मोन्सचा बिघाड), हनुवटीवर चार-दोन राठ केस. दीड वर्षापासून भांग रुंद होत चाललाय. त्यात सप्टेंबरमध्ये डेंग्यू झाला आणि दिवाळीनंतर न्हाताना मूठ-मूठ केस हातात यायला लागले. बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत, कांद्याचं तेल लावून झालं, मिनॉक्सिडिल (केस वाढवणारं, डोक्याला लावायचं औषध) दोन महिने लावलं आणि केस जास्तच गळायला लागले म्हणून सोडलं. घरात लग्नाचं बोलणं सुरू आहे. केस परत येतील का?

तुम्हाला एक नाही, दोन वेगळे त्रास एकाच वेळी आहेत. दिवाळीनंतर हातात येणारी मूठ डेंग्यूची आहे. भांग रुंद होतोय तो हार्मोन्समुळे. पहिली गळती बघवत नाही, पण ती आपोआप थांबते. दुसरी डोळ्यांना दिसतही नाही, पण उपचाराशिवाय ती थांबत नाही. बहुतेक मुलींचं नेमकं उलटं होतं: मूठभर केस बघून घाबरायचं, सहा आठवड्यांत तीन तेलं बदलायची आणि भांगाकडे दोन वर्षं लक्षच द्यायचं नाही. म्हणून औषधाच्या आधी या दोन गळत्या वेगळ्या करू.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो आणि सुमारे तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो. मग खालून नवा केस येतो आणि जुना गळून पडतो. शंभरातले दहा-पंधरा केस कायम असे बसलेले असतात, त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं हा बिघाड नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपाशी राहून भराभर उतरवलेलं वजन, यांपैकी काही झालं की वाढीतले बरेच केस एकदम बसतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. नागपुरात डेंग्यू पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी जोर धरतो, म्हणून त्याची गळती थंडीत येते. मधल्या तीन महिन्यांत ताप विसरलेला असतो आणि दोष जातो नव्या शाम्पूवर नाहीतर बोअरच्या पाण्यावर.

गळलेला एखादा केस काळ्या कागदावर ठेवून बघा. एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरी गाठ दिसेल. ती बघून "मुळासकट केस आला" असं वाटतं आणि पोटात गोळा येतो. ते मूळ नाही. बसलेल्या केसाचं ते वाळलेलं टोक आहे. केस तयार करणारं मूळ कातडीखाली शाबूत असतं. टोकाला गाठ नसेल आणि केस मध्येच तुटल्यासारखा असेल, तर ती गळती नाही, तुटणं आहे. तिथे स्मूदनिंग, स्ट्रेटनर किंवा ओले केस ओढून विंचरणं ही कारणं शोधायची.

हार्मोन्सच्या त्रासात केस गळण्यापेक्षा बारीक होतात. पीसीओडीत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून इन्सुलिन जास्त तयार होतं. हे जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाकडून टेस्टोस्टेरॉन वाढवून घेतं आणि यकृतात तयार होणारं, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी करतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळाशी पोचलं की तिथे त्याचं डीएचटी, म्हणजे त्याचंच जास्त जोरकस रूप होतं. टाळूवरची काही मुळं डीएचटीला फार संवेदनशील असतात. तिथला केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका उगवतो, शेवटी नुसती लव उरते. गंमत वाटेल, पण हनुवटीवरचा केस राठ होतो तोही याच हार्मोनमुळे. दोन जागच्या मुळांचा स्वभावच उलटा आहे. कपाळावरची केसांची रेष बहुधा शाबूत राहते, विरळपणा मधल्या भांगापासून दोन्ही बाजूंना पसरतो. त्वचारोगतज्ज्ञ लुडविग यांनी १९७७ मध्ये याच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्याच आजही वापरतात. पहिल्या पायरीवर उपचार सुरू केला तर हाती बरंच लागतं. तिसऱ्या पायरीवर, जिथे मुळं पार आक्रसलेली असतात, तिथे उरलेलं वाचवण्यावरच समाधान मानावं लागतं. म्हणून भांगाची काळजी आधी.

घरी करता येणारी एक चाचणी आहे, त्वचारोगाच्या दवाखान्यातही ती वापरतात. पाच दिवस डोकं धुवायचं नाही. सहाव्या दिवशी मोठ्या टबात किंवा जाळीवर मलमलचं फडकं लावून शाम्पू करायचा आणि न्हाताना गळलेले सगळे केस गोळा करून वाळवायचे. मग मोजायचे आणि दोन ढीग करायचे: तीन सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड आणि बारीक असलेले एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. शंभराच्या वर केस आणि त्यात आखूड दहा टक्क्यांहून कमी, तर गळती तापासारख्या कारणाची. आखूड केस दहा टक्क्यांच्या वर असतील तर हार्मोन्सची गळती आहे असं समजायचं. केसही शंभराच्या वर आणि आखूडही जास्त, तर दोन्ही. तुमच्या वर्णनावरून तुमचं हेच निघेल. कपाळावर बट कापलेली असेल तर ते केस धरू नका. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, आक्रसलेल्या मुळाच्या केसाचं निमुळतं.

सोबत महिन्याच्या एक तारखेला भांगाचा फोटो काढा. जागा तीच, खिडकी तीच, केस कोरडे, मधला भांग, वरून. मागच्या बाजूलाही एक भांग पाडून फोटो घ्या. मागचा भांग अरुंद आणि मधला रुंद, हे दवाखान्यात फार बोलकं ठरतं. आरशात रोज बघून काही कळत नाही, उगाच जीव जातो.

आता तपासण्या. नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओडी ठरत नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांत तीन गोष्टी आहेत: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतल्या गाठोळ्या. तिन्हींपैकी दोन असाव्या लागतात आणि थायरॉईड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं वगळलेली असावी लागतात. पहिली पाळी येऊन आठ वर्षं व्हायच्या आत सोनोग्राफीचा आधार घेऊच नये, त्या वयात निरोगी मुलींचं अंडाशयही तसंच दिसतं. तुमची पाळी लांबते आणि हनुवटीवर केस आहेत, म्हणून निदान सोनोग्राफीशिवायही बसतं.

रक्तात पाहायचं ते असं: हिमोग्लोबिनसह सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडसाठी), बी-१२, व्हिटॅमिन डी, प्रोलॅक्टिन, एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी (वर सांगितलेलं बांधणारं प्रथिन), डीएचईएएस आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (ॲड्रेनल ग्रंथीसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड. जमलं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर, कारण पीसीओडीत उपाशीपोटीची साखर बरीच वर्षं नॉर्मल येत राहते. हार्मोन्सचं रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी द्यायचं. पाळी महिनोन्‌महिने येतच नसेल तर त्यासाठी थांबू नका, कोणत्याही दिवशी द्या आणि तसं चिठ्ठीवर लिहून घ्या.

रिपोर्ट चुकण्याची तीन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, बायोटिन. केसांच्या गोळ्यांत पाच-दहा मिलीग्रॅम बायोटिन असतं आणि अनेक प्रयोगशाळांच्या मशीनमध्ये तपासणीची पद्धतच बायोटिनवर चालते. त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि थायरॉईडची पातळी खोटी जास्त दिसू शकते, टेस्टोस्टेरॉनचा आकडाही बिघडतो. थायरॉईड कमी असलेल्या मुलीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि केस गळतच राहतात. रक्त देण्याआधी किमान तीन दिवस बायोटिन बंद ठेवा. दुसरं, पाळीच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासणं. गोळ्या तो आकडा दाबतात. खरा आकडा हवा असेल तर तीन महिन्यांचं अंतर लागतं. तिसरं, तापात किंवा तापानंतर लगेच केलेलं फेरिटिन. अंगात दाह असला की फेरिटिन वर जातं आणि लोह भरपूर असल्याचा भास होतो.

टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं म्हणजे हार्मोन्सचा संबंध नाही, असंही नाही. एकूण आकडा ठीक असतो, पण बांधणारं प्रथिन कमी असल्यामुळे मोकळा भाग जास्त असतो. कित्येक मुलींमध्ये रक्तातलं सगळंच ठीक असतं, मुळंच संवेदनशील असतात.

काही लक्षणं मात्र थांबू देणारी नाहीत. दोन-चार महिन्यांत आवाज जाड होणं, अंगावर झपाट्याने केस वाढणं, टेस्टोस्टेरॉन डेसिलीटरला १५०-२०० नॅनोग्रॅमच्या वर जाणं, हे दिसलं तर अंडाशय किंवा ॲड्रेनल ग्रंथीची (मूत्रपिंडावरची ग्रंथी) गाठ आहे का हे लगेच बघायचं. रुपयाएवढी गोल, गुळगुळीत चकती पडली तर ती चाई, तिचा उपचार पूर्ण वेगळा. डोक्याची कातडी आग होऊन, खाजून चकचकीत होत असेल आणि तिथे केसांची छिद्रंच दिसत नसतील, तर बायोप्सी लागते आणि तिथे दिवस मोजायचे असतात, महिने नाहीत. खाजगीत दाखवायची सोय नसेल तर नागपुरातली सरकारी रुग्णालयं, म्हणजे मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. त्वचारोग आणि स्त्रीरोग, दोन्ही विभागांना एकमेकांचे कागद दाखवा. त्वचेच्या डॉक्टरांना पाळीची गोळी माहीत नसते आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना मिनॉक्सिडिल, आणि मग घोळ होतो.

तापाच्या गळतीला औषध नाही, वेळ आहे. तीन ते सहा महिन्यांत ती ओसरते. थांबल्याची खूण म्हणजे कपाळाच्या कडेला आणि भांगाशेजारी उभे राहणारे आखूड, टोकदार केस. त्यांना तेलाने चापून बसवू नका, ते नवे आहेत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वेणीची जाडी परत जाणवायला वर्ष-सव्वा वर्ष लागणार.

भांगासाठी पहिलं औषध मिनॉक्सिडिलच, आणि तुमच्याकडून ते चुकीच्या वेळी सुटलं. हे औषध बसलेल्या केसांना ढकलून वाढीची नवी फेरी सुरू करतं. त्यामुळे दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. ते औषध लागू पडल्याचं लक्षण आहे, आणि दहापैकी कितीतरी मुली नेमक्या तिथेच बाटली फेकतात. पुन्हा सुरू करायचं तर सहा महिने मोजायची तयारी ठेवून करा. चार महिन्यांच्या आत फरक शोधू नका, निकाल बारा महिन्यांनी लावा. बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं जातं, हेही आधीच ठाऊक असू द्या. बाळ होऊ देण्याचा विचार असेल किंवा अंगावर पाजत असाल तर लावायचं नाही.

लावायची पद्धत. बायकांसाठी ५ टक्क्यांचा फोम दिवसातून एकदा, अर्धं झाकण. किंवा २ टक्क्यांचं द्रावण १ मिली सकाळी आणि १ मिली संध्याकाळी. डोकं पूर्ण कोरडं हवं. मधला भांग पाडा, ड्रॉपरचं टोक कातडीला टेकेल इतकं जवळ न्या आणि पाच-सहा थेंब रेषेवर सोडा. मग एक सेंटिमीटर बाजूला दुसरा भांग, तिथे तेवढेच. असे दोन्ही बाजूंना मिळून सहा-सात भांग झाले की १ मिली संपतं. बोटांच्या पोटांनी पसरवा, घासू नका. केसांना लागलेला थेंब वाया गेला समजा, तो कातडीवर हवा. नंतर हात साबणाने धुवायचे, चार तास डोकं भिजवायचं नाही. झोपायच्या किमान दोन तास आधी लावा. ओलं असताना पडलात तर उशीवरून ते गालाला, कपाळाला लागतं आणि तिथे लव वाढते. द्रावणात अल्कोहोल असतं, लावून लगेच गॅसजवळ जाऊ नका. घरात मांजर असेल तर तिला ते चाटू देऊ नका, मांजरांना मिनॉक्सिडिल अगदी थोडंही विषारी ठरतं.

एक हिशेब करून बघा. ६० मिलीची बाटली दिवसाला १ मिली लावल्यावर ६० दिवसांत, २ मिली लावल्यावर ३० दिवसांत संपली पाहिजे. चार महिने पुरत असेल तर औषध पुरेसं जातच नाही. खाज, पापुद्रे येत असतील तर बहुतेक वेळा दोष द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं. मिनॉक्सिडिलची कमी डोसची गोळीही हल्ली देतात, पण तिच्याने अंगभर लव वाढते, पाय सुजू शकतात, छातीत धडधडतं. ती दुकानातून मनाने घ्यायची गोष्ट नाही.

मिनॉक्सिडिल केस वाढवतं, हार्मोनला हात लावत नाही. हनुवटीवर केस आहेत, पाळी लांबते, म्हणजे तुम्हाला आतला उपचारही लागेल. एक मार्ग पाळीच्या एकत्रित, म्हणजे दोन हार्मोन असलेल्या गोळ्यांचा. त्या अंडाशयाचं टेस्टोस्टेरॉन कमी करतात आणि बांधणारं प्रथिन वाढवतात. गोळीत इस्ट्रोजेनच्या जोडीचा हार्मोन, म्हणजे प्रोजेस्टोजेन, कोणता आहे याला केसांसाठी महत्त्व आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल स्वभावाने पुरुषी हार्मोनच्या जवळचा, ड्रोस्पिरेनोन उलट्या बाजूचा. डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, रक्ताची गुठळी झाल्याचा स्वतःचा किंवा घरचा इतिहास, जास्त बीपी, सिगारेट, यांपैकी काही असेल तर आधी सांगा, कारण यांतल्या काहींत ही गोळी चालत नाही. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून ती घेऊ नये, ते याचसाठी.

दुसरा मार्ग स्पायरोनोलॅक्टोन. हे मुळाशी पुरुषी हार्मोनची वाट अडवतं. सुरुवात २५ ते ५० मिलीग्रॅमने, पुढे बहुधा १०० पर्यंत. परिणाम दिसायला सहा ते बारा महिने. ते मूळचं लघवी वाढवणारं औषध आहे, म्हणून एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ च्या पुढे असताना, दुपारी गाडीवरून आल्यावर भोवळ येऊ शकते. पाणी वाढवा, डोस डॉक्टरांना विचारून संध्याकाळी न्या. रक्तदाबासाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ यावर वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि हे औषधही पोटॅशियम धरून ठेवतं. पाळी महिन्यातून दोनदा येऊ शकते, मधेच डाग पडू शकतात. गर्भ राहिला आणि तो मुलाचा असला तर त्याच्या अवयवांच्या घडणीला यापासून धोका असतो, म्हणून संतती-नियमनाशिवाय हे घ्यायचं नाही. पाळी अनियमित म्हणून गर्भ राहणारच नाही, हा मोठा गैरसमज आहे. फिनास्टेराइड (डीएचटी तयार होणं अडवणारी गोळी) तर तुमच्या वयात टाळावंच.

मेटफॉर्मिन केसांचं औषध नाही. साखर आणि इन्सुलिन ताब्यात आणून ते पाळीला मदत करतं. केसांना फायदा झाला तर आडून. मान मागून काळवंडली असेल, मखमलीसारखी जाड झाली असेल, तर इन्सुलिनचा बिघाड आहेच समजा. ती काळपट रेघ घासून निघत नाही, तो मळ नव्हे. मेटफॉर्मिन जेवणानंतर, कमी डोसपासून. वर्षातून एकदा बी-१२ बघा, हे औषध ते कमी करतं.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरलं तरी पाळी सुधारते. पण महिन्यात सहा-सात किलो उतरवलंत तर तीन महिन्यांनी तापासारखीच गळती पुन्हा येईल. लग्न ठरल्यावर मुली एकवेळ जेवतात आणि ऐन हळदीला केस हातात येतात, त्याचं कारण हेच. महिन्याला दोन-तीन किलोहून जास्त घाई नको.

जेवणात सगळ्यांत मोठी उणीव प्रथिनांची. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोला रोज ४५-४६ ग्रॅम. मेसच्या वाटीत वरणाचं पाणीच जास्त असतं. घट्ट वरणाची वाटी सहा-सात ग्रॅम देते, अंडं सहा, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर फुटाणे सहाच्या आसपास, पन्नास ग्रॅम कोरडे सोयाबीनचे वडे पंचवीसच्या वर. रूमवर शेगडी नसली तरी उकडलेली दोन अंडी, फुटाणे आणि दही जमतं. तर्री पोहे खायचे तर पोहे कमी आणि तर्रीतले हरभरे वाढवून घ्या. भाकरी ज्वारीची, सोबत झुणका आणि जवसाची चटणी, यात पोळी-बटाट्यापेक्षा साखर कितीतरी सावकाश चढते.

फेरिटिन ३०-४० च्या खाली असेल तर लोहाची गोळी लागते. पालक आणि बीट खाऊन ती तूट भरत नाही. गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी घेतली तर रोजच्यापेक्षा शोषण चांगलं होतं आणि पोटही कमी बिघडतं. सोबत लिंबूपाणी किंवा आपलं संत्रं, अख्खं, रस नव्हे. चहा आणि गोळी यांच्यात दोन तास तरी. थायरॉईडची गोळी घेत असाल तर ती पहाटे नुसत्या पाण्याशी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी. थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तरीही केस गळतात, म्हणून डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचं. व्हिटॅमिन डी कमी असेल तर ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक, आठ आठवडे, दुधासोबत. ते संपल्यावर पुढचं डॉक्टर सांगतील तसं. वर्षभर दर आठवड्याला घेत राहणं धोक्याचं आहे.

जास्त म्हणजे चांगलं, हा हिशेब केसांत तर चालतच नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाण्यातल्या शेगावजवळच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांत जाऊन टक्कल पडलं, तेव्हा तपासात बाधितांच्या रक्तात सेलेनियम जास्त सापडल्याचं पुढे आलं. तेच सेलेनियम "केसांसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोळ्यांत असतं. व्हिटॅमिन ए जास्त झालं तरी केस जातात. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम चालू असतील तर पाकिटं शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे जोडून बघा. बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते, ते बंद केलंत तरी काही बिघडणार नाही. कांद्याचा रस कातडीला झोंबतो, कोंडा असलेल्या डोक्याला तर जास्तच.

तेलाबद्दल. तेलाने केसाचा धागा मऊ राहतो, तुटणं कमी होतं, एवढाच त्याचा उपयोग. ते मुळापर्यंत जात नाही. कोंडा असेल तर रात्रभर तेल ठेवल्याने तो वाढतो, म्हणून न्हाण्याच्या तासभर आधी, तेही केसांच्या लांबीला. तेलकट पिवळा कोंडा असेल तर २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. फेस कातडीवर पाच मिनिटं राहू द्या, लगेच धुतला तर उपयोग नाही. जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, पण मुळं त्याने आक्रसत नाहीत. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतलात तर बास.

नागपूरच्या उन्हात गाडीवर स्कार्फ सोडवत नाही आणि सोडायचीही गरज नाही. स्कार्फने टक्कल पडत नाही. पण ओल्या केसांवर बांधून, वरून हेल्मेट घालून तासभर राहिलात तर घाम आणि कोंडा वाढतो. सुती घ्या, दोन ठेवा, रोज धुवा. उन्हाळ्यात एक दिवसाआड डोकं धुतलं तरी चालतं. धुताना दिसणारे केस त्या दिवशी गळणारेच होते, न धुतल्यास ते दोन दिवसांनी एकत्र दिसतात. न धुणाऱ्या मुलींना गळती जास्त वाटते, ती याचमुळे. घट्ट पोनी मात्र सोडा. कानाजवळचे, कपाळाच्या कडेचे केस ओढले जाऊन तिथली मुळं कायमची जातात.

पीआरपीबद्दल विचारलं जातंच. दंडातून रक्त काढून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात. महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा. काहींना फायदा होतो, पण मिनॉक्सिडिल आणि हार्मोन्सचा उपचार जोडीला नसेल तर पैसे जातात आणि फायदा टिकत नाही. केस रोवण्याचा विचार इतक्यात नकोच. भांग अजून रुंद होत असताना रोवलेल्या केसांच्या आजूबाजूचे केस गळतात.

या काळात मन खचतं, ते खरं आहे आणि तो नखरा नाही. पीसीओडीत उदासी आणि काळजी तशीही जास्त आढळते. न्हाणं टाळणं, कॉलेजला न जाणं, फोटोतून पळणं सुरू झालं असेल तर ते केसांच्या डॉक्टरांनाही सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्यांशी बोलायचं झालं तर "टक्कल पडतंय" म्हणू नका, "हार्मोन्सचा उपचार चालू आहे, वर्ष लागेल" एवढं ठाम सांगा. आई रोज उशीवरचे केस मोजत असेल तर तिला या महिन्याचा आणि गेल्या महिन्याचा फोटो दाखवा.

लग्न वर्षभरात असेल तर तोवर भांगाची रुंदी थांबलेली आणि थोडी भरलेली दिसेल, अशी अपेक्षा रास्त आहे. शाळेतली वेणी परत येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दरम्यान भांग सरळ न पाडता वाकडा-तिकडा पाडा, केसांच्या रंगाची भुकटी मिळते ती भांगावर शिंपडा, ती शाम्पूने निघते आणि मुळांना काही करत नाही. मिनॉक्सिडिल पूर्ण वाळल्यावरच ती लावायची. पार्लरमध्ये आधीच सांगा की उलटं विंचरून फुगवायचं नाही आणि स्मूदनिंग करायचं नाही. अंबाडा सैल, गजरा हलका.

लग्नानंतर लगेच मूल हवं असेल तर ती तारीख डॉक्टरांना लग्नाआधीच कळू द्या. स्पायरोनोलॅक्टोन किमान महिनाभर आधी थांबवावं लागतं, मिनॉक्सिडिलही बंद होतं, आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड रोज सुरू करायचं असतं. औषधं सुटल्यावर काही महिन्यांनी गळती पुन्हा वाढेल. गरोदरपणात ती बहुधा थांबते आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की परत येते. तेव्हा आज काढलेले भांगाचे फोटो जवळ असू द्या, त्यांच्याशी ताडून बघता येईल.